शेवटचा नळ: पॉझिटिव्ह

७ जुलै २०२५, सोमवार

आजपासून मी गावाचा जलसुरक्षक. बावीस वर्षे परभणीच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मार्चमध्ये त्यांनी खेड्यापाड्यांतले वार्ताहर बंद केले. तीन महिने घरात बसून काढले. मग सरपंच रामकिशनराव म्हणाले, लिहिता-वाचता माणूस पाहिजे, घ्या हे काम. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचे, नळाचे पाणी तपासायचे आणि रजिस्टर भरायचे.

तालुक्याला प्रशिक्षण झाले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात ओटी नावाच्या रसायनाचे दोन थेंब सोडायचे. पाणी पिवळे झाले तर त्यात ब्लिचिंगचे औषध आहे, म्हणजे ते पिण्याजोगे. मग लिहायचे 'पॉझिटिव्ह'. रंग आला नाही तर 'निगेटिव्ह'. तपासणी रोज तीन नळांवर करायची: टाकीजवळचा, मधला आणि शेवटचा. प्रशिक्षण देणारे साहेब म्हणाले, "शेवटचा नळ सगळ्यात महत्त्वाचा. तिथं पिवळं आलं की सगळीकडं आलं."

घरी येऊन चांगुणाला सांगितले. तिने हातातली परात खाली ठेवली.

"तो सबूद घरात काढू नका."

"कोणता?"

"त्योच. माझा भाऊ पॉझिटिव्ह निघाला अन् नवव्या दिवशी गेला. तोंड बी पाहू देलं न्हाई."

"इथं पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, चांगुणा."

"तुमच्या रजिस्टरात असंल."

८ जुलै

तिन्ही नळ पाहिले. टाकीजवळ गडद पिवळा, पारावरच्या नळाला बरा पिवळा. शेवटचा नळ मागच्या वस्तीत, धर्मसिंगच्या दारात. तिथे जायला नाली ओलांडून अर्धा किलोमीटर चालावे लागते. वस्तीत सोळा घरे, बहुतेकांची शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण. नळीत तिथले पाणी जेमतेम पिवळे झाले. उन्हात धरून पाहिले तेव्हा दिसले.

धर्मसिंग शेळीचे खूर कापत बसला होता. त्याने मान वर केली.

"पास झालं का पाणी, प्रभूभाऊ?"

"पॉझिटिव्ह."

"मंग आमच्याकडं फिक्कं काहून?"

"लांब आहे ना. वाटेत औषध उडतं थोडं."

"वाटेत नाली बी लागते," तो म्हणाला. "पाइप त्या नालीतूनच येतो. जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलीय, पाहा एकदा."

जाताना पाहिली. ट्यूब होती, वरून काळा गाळ वाहत होता. सरपंचांना सांगितले. ते म्हणाले, पुढच्या निधीत बसवू.

१५ जुलै

या शब्दाचा मला नाद लागला आहे. वहीच्या मागच्या पानावर टिपणे करतो. आशाताई शालूबाई सांगत होत्या की नव्या सुनांची तपासणी करायची पट्टी असते, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह, आणि घरात पेढे. आमच्या आधीच्या सरपंचाच्या पोराने मोटारसायकलच्या मागे रक्तगट रंगवून घेतला आहे, बी पॉझिटिव्ह, आणि खाली 'नादाला लागू नका'. सोयाबीनच्या भावावर चर्चा चालली होती तेव्हा आडत दुकानातला माणूस म्हणाला, बाजार पॉझिटिव्ह आहे. आणि आमचे रामकिशनराव. त्यांना नालीतल्या जोडाची आठवण दिली तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, तुमी पेपरवाले लई खोट काढता. जरा पॉझिटिव्ह राहा."

एकाच शब्दाने सोहळाही होतो आणि घरादाराला कुलूपही लागते. रविवारच्या पुरवणीसाठी यावर सातशे शब्द सहज होतील.

२१ जुलै

लेक सृष्टी आली. पहिले बाळंतपण, म्हणून माहेरी. जावई शिवशंकर वारंगा फाट्याहून जीप करून सोडायला आले. टायरचे दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून चहा घेऊन लगेच परतले. तिचा सहावा महिना संपत आला आहे. तिची फाइल पाहिली. रक्तगटाच्या रकान्यात ओ पॉझिटिव्ह. मी लगेच मागच्या पानावर लिहून घेतले. सृष्टी हसली.

"पप्पा, पोरीचे रिपोर्ट वाचून राहिले का शब्द गोळा करून राहिले?"

"दोन्ही."

चांगुणाने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. घरात दोन वर्षांनी असा आवाज आहे.

२५ जुलै

सृष्टी दुपारी मागच्या वस्तीत जाते, धर्मसिंगच्या शिलाकडे. दोघी दहावीपर्यंत एका बाकावर होत्या. शिला कपडे शिवते. दोघी मिळून बाळाची झबली-टोपडी शिवतात. चांगुणा कुरकुरली की एवढ्या लांब पायी कशाला. मी म्हणालो, चालणे चांगलेच. सृष्टी सांगत होती की शिलाची आई रुपाबाई तिला माठातले पाणी दिल्याशिवाय सोडत नाही. "दोन जिवाची हायेस, कोरडी बसू नको, म्हणते."

लोक चांगले आहेत.

२९ जुलै

चार दिवस झड लागली आहे. नालीवरची फरशी पाण्याखाली गेली. मागच्या वस्तीला जायचे तर वरच्या रानातून वळसा, गुडघाभर चिखल. मी टाकीजवळचा नळ पाहिला. पिवळा. एकाच टाकीचे पाणी तिन्हीकडे जाते. तिन्ही रकाने भरले.

हे इथे लिहितो, कारण मनाला थोडे लागले. पण पेपरात असताना हेच करत होतो. संध्याकाळी सहाला सप्ताहाची सांगता असायची आणि मजकूर चारला पाठवायचा. 'सप्ताहाची सांगता भक्तिमय वातावरणात झाली' असे दुपारी तीनला लिहून द्यायचो. बावीस वर्षांत एकदाही खोटे ठरले नाही. सांगता व्हायचीच, वातावरण भक्तिमय असायचेच.

४ ऑगस्ट

आठवड्याचे रजिस्टर सोमवारीच भरून टाकले. सहीसुद्धा. वेळ वाचला, त्यात लेख लिहायला घेतला.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. शिलाने सृष्टीबरोबर निरोप पाठवला, पाण्याला वास येतो म्हणून. सृष्टी म्हणाली, "येतो थोडा, पप्पा. रुपाकाकू फडक्यानं गाळून घेते."

पावडरीचा वास असेल. उद्यापासून पावडर थोडी वाढवतो.

१४ ऑगस्ट

शालूबाई टाकीवर आल्या. चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, मागच्या वस्तीत चार जण पडलेत. ताप, उलट्या, जेवण नको. पाणी पाहून राहिले ना तुमी?"

"रोज. रजिस्टर पाहा."

त्यांनी पाने उलटली. बोट रकान्यांवरून खाली खाली गेले. पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह.

"मंग व्हायरल असंल," त्या म्हणाल्या. रजिस्टर मिटून परत बोलल्या, "तिकडं दोन पोटुशा हायेत. म्हणून विचारलं."

त्या गेल्यावर मी ओटीची बाटली खिशात टाकून निघालो होतो. नालीपाशी रामकिशनराव भेटले. उद्याच्या झेंडावंदनाचे भाषण लिहून हवे होते. सोबत घेऊन गेले. भाषण चांगले झाले.

२२ ऑगस्ट

पोळा. सृष्टीने पुरणपोळीला हात लावला नाही. फोडणीचा वास आला की तोंडाला पदर लावते. मी चेष्टा केली, "आठव्या महिन्यात डोहाळे? नातू उशिरा जागा झाला."

ती हसली नाही. "अंग मोडून आल्यासारखं वाटतं, पप्पा."

झबली शिवून फार बसते. चांगुणाने तिला आडवे व्हायला लावले.

२५ ऑगस्ट

सकाळी चांगुणाने मला उंबऱ्यापाशी बोलावले. सृष्टीला उजेडात बसवून तिची खालची पापणी ओढून दाखवली.

"हळदीचा हात लागला असेल," मी म्हणालो.

"दोन्ही डोळ्याला?"

कावीळ आहे. चांगुणाच्या माहेरच्या दोघांना झाली होती, नरसीच्या पलीकडे एका गावात औषध देतात, तिथे बरी झाली. दवाखान्यात नेले की सुई टोचतात आणि मग झाडपाल्याचे औषध लागू पडत नाही, असे ती म्हणते. औषध बुधवारी मिळते. शालूबाई म्हणाल्या, "आधी रक्त तपासा भाऊ, आठवा महिना हाय." मी म्हणालो, बुधवार होऊ द्या, लगेच तपासतो.

२७ ऑगस्ट, बुधवार

घरोघरी गणपती बसत होते आणि आम्ही जीपमध्ये. औषध देणारा म्हातारा शांत आहे, पैसे मागत नाही. त्याने सृष्टीच्या तळहातांना चुना लावला, काहीतरी पुटपुटला आणि वरून पाणी सोडले. खालच्या पितळीत पिवळेधमक पाणी जमा झाले.

"पाहा," तो म्हणाला, "उतरून राहिली."

चांगुणाने हात जोडले. मीही. खरे सांगायचे तर एवढा पिवळा रंग पाहून मला फार बरे वाटले.

मीठ, तेल, हळद बंद. पाच दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही.

३० ऑगस्ट

वस्तीतले आजारी अकरा झाले म्हणून तालुक्याहून पथक आले. माझ्याकडे रजिस्टर मागितले. साहेबांनी ते उभ्या-उभ्या वाचले, मग खुर्ची मागवून बसून वाचले. "एक दिवस खाडा नाही. असं रजिस्टर मी या भागात पाहिलं नाही." टाकीजवळच्या नळाची नळी भरली. पिवळी. वस्तीकडे निघाले, पण फरशीवर अजून चिखल होता आणि त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी दोन गावे करायची होती.

रामकिशनराव म्हणाले, "साहेब, पाणी पॉझिटिव्ह हाय. त्या लोकायचे माठच तसले. शेळ्या अन् माणसं एका जागी."

धर्मसिंग तिथेच उभा होता. त्याची शिला दोन दिवसांपासून अंथरुणावर आहे. तो साहेबांशी बोलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "प्रभूभाऊ, तुमी कधी आल्ते आमच्याकडं? म्या तर रोज दारातच असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सकाळी लवकर येतो." साहेबांनी मान डोलावली आणि अहवालात लिहिले: पाणी योग्य, साठवणुकीची भांडी अस्वच्छ.

३१ ऑगस्ट, रविवार

पुरवणीत 'पॉझिटिव्ह'वरचा लेख छापून आला. फोटोसकट, पाऊण पान. सकाळपासून सतरा फोन. जवळा बाजारच्या एका शिक्षकाने वर्गात वाचून दाखवणार असे सांगितले.

सृष्टीला दाखवायला गेलो. झोपली होती. दुपारीही झोपलीच होती. हलवून उठवले तर डोळे उघडले आणि म्हणाली, "पप्पा, घंटा झाली का? शिला गेली का पुढं?"

मी म्हणालो, शाळा कुठली, आज रविवार. ती परत झोपली. चांगुणा म्हणते, औषध काम करून राहिले, झोप येणारच.

पेपर तिच्या उशाशी ठेवला.

१ सप्टेंबर, सोमवार, नांदेड

सकाळी सृष्टीने आईला ओळखले नाही. 'तुम्ही कोणाकडे आलात' म्हणाली. शालूबाईंनी मला विचारलेही नाही, सरळ गाडी बोलावली. वसमतला थांबवले नाही, नांदेडला पाठवले. इथे तिला काचेच्या पलीकडे ठेवले आहे. डॉक्टरीण बाई तरुण आहेत, हळू बोलतात. पाण्यातून होणारी कावीळ आहे. इतरांना महिन्यात बरी होते, पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईचे यकृत बंद पाडते, मेंदूवर जाते. किती दिवस झाले विचारले. मी सांगितले, आठ दिवस. त्यांनी पेन थांबवले. "आठ दिवस कुठे होता?"

रक्त लागेल म्हणाल्या. जावई शिवशंकर दुकानाच्या कपड्यांतच आले, हाताला काळे तेल. रक्तपेढीकडे धावले.

जिन्यापाशी धर्मसिंग दिसला. शिला खालच्या वॉर्डात आहे, बरी आहे, सलाइन चालू आहे. वस्तीतल्या दोन पोटुशांपैकी एक काल हिंगोलीच्या वाटेवर दगावली. पोरासकट. तो शेजारी बसला.

"तुमची सृष्टी आमच्याच माठातलं पित व्हती," तो म्हणाला. "रुपा रडून राहिली. म्हणते, माझ्या हातानं देलं. माझ्या माठानं झालं."

माठाने झाले नव्हते, हे मला माहीत होते. बोलायला पाहिजे होते.

मग तो म्हणाला, "उद्या आमच्या वस्तीचं काय? पाणी कोण सोडणार?"

रामकिशनरावांना फोन केला. म्हणालो, उद्या वस्तीचे पाणी सोडू नका. ते म्हणाले, "आबा, तुमी तिकडं लेकीकडं पाहा. व्हॉल्व्ह म्या फिरवतो. बंद ठेवलं तर पथक परत येईल अन् रजिस्टर उघडंल. तुमच्याच गळ्याशी येईल ते." पुन्हा लावला तर उचलला नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे चांगुणाला सांगितले, गावाला जाऊन येतो.

तिने काचेकडे बोट केले. "हिला असं सोडून?"

"आज तिकडं पाणी सुटेल."

"सुटू द्या! तुमाला पाण्याची पडली?"

तिला कारण सांगायला हवे होते. नाही सांगू शकलो. वसमतची गाडी मिळाली, तिथून जवळा बाजार, पुढे एकाच्या मोटारसायकलवर.

पोहोचलो तेव्हा पाणी सुटले होते. नालीपाशी थांबलो. जोडावरची ट्यूब फाटून गेली होती आणि पाइपातून पाणी उडत होते. पाणी चालू असताना ते बाहेर उडते. पाणी बंद होऊन पाइप रिकामा पडला की हाच गाळ आत ओढला जात असणार. वस्तीत गेलो. बायका हंडे घेऊन रांगेत होत्या. धर्मसिंगच्या दारातल्या नळाला नळी लावली, ओटीचे दोन थेंब सोडले. चार सोडले. पाणी जसेच्या तसे राहिले.

"हंडे सांडा," मी म्हणालो.

एक म्हातारी म्हणाली, "काहून? तुमच्या सहीचं पाणी हाय."

"सही खोटी होती. मी आलोच नव्हतो."

कोणी ओरडले नाही. ओरडायला पाहिजे होते. रुपाबाईंनी आपला हंडा तिथेच उपडा केला, आणि मग माठ आणायला घरात गेल्या.

परत टाकीपाशी आलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. दुसरी चावी रामकिशनरावांकडे आहे, म्हणून व्हॉल्व्हच्या झाकणावर बसलो. ते आले. आधी समजुतीने बोलले, मग म्हणाले, "आबा, तुमी जेलात जाल अन् मलाही न्याल. पोरीपाशी जा. हिथं बसून ती वाचणार हाय का?"

"नाही."

"मंग उठा."

उठलो नाही. तालुक्याला फोन करून सगळे सांगितले. दोन तासांत येतो म्हणाले. पथक येऊन त्या नळाचे पाणी स्वतः भरून घेईपर्यंत मी उठलो, तर हे लोक व्हॉल्व्ह उघडतील, जोड गुंडाळतील आणि माठ दाखवतील. दोन तासांचे साडेतीन झाले आहेत. हे झाकणावर बसूनच लिहितो आहे. समोर रामकिशनराव आणि आणखी चार जण बाभळीखाली बसून आहेत.

आत्ता चांगुणाचा फोन आला. आवाज सपाट होता.

"पोट शांत झालं तिचं. बाळ गेलं. तिला अजून सूद न्हाई. डॉक्टरीण बाई विचारून राहिल्या, गावात पाणी तपासणारं कोणी हाय का म्हणून."

"त्यांच्याकडं फोन दे."

"तुमी सांगा ना मला, मी सांगते."

"दे त्यांच्याकडं, चांगुणा."

बाई बोलल्या. मी म्हणालो, "मी सृष्टीचा बाप. पाणी तपासणारा मीच. शेवटचा नळ एकोणतीस जुलैपासून आजपर्यंत तपासला नाही. रोज तपासला असं लिहिलं."

मग बाईंनी विचारले, "अजून किती माणसं पितात हे पाणी? त्यांत गरोदर कोणी?"

मी नावे सांगत गेलो, घरामागून घर. त्या लिहून घेत होत्या, मध्येच थांबवून वय विचारत होत्या. दुसऱ्या पोटुशीचे नाव मला येत नव्हते. तिच्या सासऱ्याचे सांगितले. सोळा घरे झाली तेव्हा त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि फोन परत दिला.

चांगुणा बाजूलाच उभी असणार. फोन मोठ्या आवाजावर असतो तिचा, तिला कमी ऐकू येते.

"चांगुणा," मी म्हणालो.

ती बोलली नाही. तिने फोनही कापला नाही. कुठेतरी ढकलगाडीची चाके वाजली, मग एका बाईने मोठ्याने कोणाचे तरी नाव पुकारले. ते आमच्या पोरीचे आहे का, हे ऐकायचा मी प्रयत्न करत राहिलो.